सायकलवर मुलाची सीट: दांडी की कॅरिअर?

मोठ्यांच्या सायकलवर लहान मुलाला बसवायच्या जागा दोनच आहेत. एक चालवणाऱ्याच्या पुढे, दांडीवर. दुसरी त्याच्या मागे, कॅरिअरवर. बाजारात मिळणारी प्रत्येक सीट, मग ती नारायणगावच्या सायकल दुकानात टांगलेली लोखंडी असो की हॉलंडहून आलेली प्लॅस्टिकची, या दोनपैकी एका जागेसाठी बनवलेली असते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत या दोन्ही जागा पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, पण बहुतेक वेळा सीटशिवायच. दांडीला टॉवेल गुंडाळून त्यावर तान्हे सोडून कोणतेही पोर बसवायचे आणि ते जड झाले की मागे कॅरिअरवर टाकायचे, हा सरसकट रिवाज. मागे बसणाऱ्याला सूचनाही ठरलेली: ‘पाय फाकवून बस, चाकात घालू नको.’ चार वर्षांच्या मुलाची सगळी सुरक्षितता या एका वाक्यावर सोपवलेली असते.

मोटारसायकल घरोघरी आली तरी सायकल या भागातून गेलेली नाही. डिंभे धरणासह कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी पूर्वेकडचा पट्टा बागायती झाला, तशी माणसे गावठाण सोडून मळ्यात राहायला गेली. वस्तीपासून अंगणवाडी किलोमीटर-दीड किलोमीटरवर असते. घरातली मोटारसायकल सकाळीच डेअरीला किंवा बाजार समितीत गेलेली असते आणि मुलाला पोचवायचे काम आईकडे किंवा आजोबांकडे येते. मंचर, नारायणगाव, ओतूर, घोडेगाव अशा मोठ्या गावांत शाळा-क्लासपुरती सायकल वापरणारी घरेही आहेत. सीटची गरज या रोजच्या, लहान अंतराच्या फेऱ्यांना असते, आणि अशाच फेऱ्यांना ‘एवढ्यासाठी काय करायची सीट’ असे म्हटले जाते.

सीट का लागते हे समजायला आधी टाचेची दुखापत समजून घ्यावी लागते. उघड्या कॅरिअरवर बसलेल्या मुलाचे पाय फिरत्या चाकापासून काही बोटांवर लोंबत असतात. सायकल वळली, खड्ड्यात आदळली, मुलाला डुलकी लागली किंवा ते कुत्रे बघायला एका अंगाला झुकले, की पाऊल आऱ्यांत शिरते. चाक पाऊल पुढे ओढत नेते आणि चौकटीच्या नळीशी दाबते. अमेरिकन डॉक्टरांनी १९६९ साली या दुखापतीचे वर्णन करताना तीन गोष्टी वेगळ्या दाखवल्या: आऱ्याने कातडी चिरते, चाक आणि नळी यांच्यात पाऊल चिरडते, आणि या दोन्ही ओढींमुळे कातडी खालच्या मांसापासून सुटते. तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. वरून नुसते खरचटल्यासारखे दिसते, घरचे हळद लावून मोकळे होतात, आणि चार-सहा दिवसांनी टाचेवरची कातडी काळी पडते. टाचेच्या मागे मांस जवळपास नसतेच. कातडीखाली लगेच मोठा स्नायुबंध आणि हाड असते, त्यामुळे जखम भरायला महिने लागू शकतात आणि कधी दुसरीकडची कातडी लावावी लागते.

म्हणून पाय चाकात गेला तर तो हिसडा मारून ओढायचा नाही. सायकल जागीच आडवी धरून चाक उलटे फिरवायचे. नाहीच सुटला तर दोन-तीन आरे कापायचे. आरा काही रुपयांना मिळतो. जखम स्वच्छ पाण्याने धुवून, कोरड्या कपड्याने झाकून मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे. रक्त आले नसले तरी न्यायचे, कारण हाडाला चीर गेली आहे का हे एक्स-रेशिवाय कळत नाही. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत पोचणे या दोन तालुक्यांतल्या पूर्व भागाला फारसे अवघड नाही. आहुपे किंवा भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यांना ते अवघड आहे, आणि तिथे आधीच काळजी घेण्याला जास्त अर्थ आहे.

मुलांना सायकलवर नेणे जिथे रोजचे आहे त्या देशांच्या कायद्यांतही पायांचा उल्लेख मुद्दाम केलेला आहे. जर्मनीत सात वर्षांखालच्या मुलाला सायकलवर नेता येते ते खास सीट असेल तरच. चालवणारा किमान सोळा वर्षांचा लागतो आणि मुलाचे पाय आऱ्यांत जाऊ नयेत अशी व्यवस्था सायकलवर असावी लागते. हॉलंडचा नियम आठ वर्षांखालच्या मुलासाठी पाठ, हात आणि पाय या तिन्हींना पुरेसा आधार देणारी बैठक मागतो. आपल्याकडे २०२२ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मोटारसायकलवर नेताना अंगाला पट्टा आणि डोक्याला हेल्मेट सक्तीचे झाले, वेगाला ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आली, आणि हे १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. पायंडल मारायच्या सायकलला मात्र हा नियम लागू नाही. एके काळी पुण्यात डबलसीट जाणाऱ्यांना पोलीस अडवत, पण तो दंड दोघे बसल्याबद्दल होता. मागचा कसा बसला आहे हे कोणी पाहत नसे.

सीटची निवड मुलाच्या वजनापासून सुरू होते. युरोपात सायकलच्या मुलांच्या सीटसाठी ईएन १४३४४ हे मानक आहे. त्यानुसार मागच्या सीटा ९ ते २२ किलोच्या मुलासाठी आणि चालवणाऱ्याच्या पुढच्या सीटा ९ ते १५ किलोसाठी असतात. भारतात मिळणाऱ्या चांगल्या कंपन्यांच्या सीटांवर हेच आकडे छापलेले दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार एक वर्षाच्या मुलाचे मधले वजन ९.६ किलो आणि मुलीचे ८.९ किलो भरते. तीन वर्षांचे मूल साधारण १४ किलोचे, पाच वर्षांचे १८ किलोच्या थोडे वर. म्हणजे पुढची सीट साडेतीन वर्षांच्या आसपास संपते आणि मागची पहिलीत जाईपर्यंत पुरते. आपल्या मुलाचे नेमके वजन शोधायला कुठे लांब जायला नको. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते आणि सेविकेकडे त्याची नोंद असते. सीट घ्यायला निघण्यापूर्वी तो आकडा विचारून घ्यावा.

वजनाच्या खालच्या मर्यादेत मात्र एक गोम आहे. गुटगुटीत मूल आठव्या महिन्यातच ९ किलो भरू शकते, आणि किरकोळ अंगाचे मूल दीड वर्षाचे झाले तरी तेवढे भरत नाही. सीटला नुसते वजन पुरत नाही. मानेत ताकद यावी लागते. आधाराशिवाय मूल बराच वेळ सरळ बसते, हेल्मेट घालूनही मान सावरते, ही खरी खूण. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने एक वर्षाखालच्या बाळाला सायकलच्या सीटवर बसवूच नये असे सांगितले आहे. तेव्हा नऊ किलो आणि एक वर्ष या दोन्ही अटी पुऱ्या झाल्यावरच सीटचा विचार करावा. त्याआधीच्या बाळाला झोळीत बांधून सायकल चालवणे हा तर निव्वळ अविचार आहे. चालवणारा पडला तर बाळ त्याच्या अंगाखाली येते.

आता पुढची जागा. दांडीवरची पारंपरिक सीट म्हणजे छोटेसे खोगीर, दोन बोल्टांनी मधल्या नळीला आवळलेले. काहींना मागे टेकायला लोखंडी कडे असते, काहींना पाय ठेवायला खाली दोन आडव्या सळ्या. किंमत मागच्या चांगल्या सीटच्या मानाने किरकोळ. तिचे गुण खरे आहेत: मूल दोन हातांच्या मध्ये असते, डोळ्यांसमोर असते, त्याच्याशी बोलता येते, आणि त्याचे वजन सायकलच्या मध्याजवळ पडत असल्याने तोल फारसा जात नाही. दोषही तितकेच खरे. पट्टा बहुतेकींना नसतो. करकचून ब्रेक लागला की मूल हँडलवर आपटते. पाय ठेवायच्या सळ्या नसतील तर पाऊल पुढच्या चाकाकडे जाते, आणि पुढचे चाक अडले तर सायकल सरळ उलटी होते. जुन्या काळ्या सायकलींना सळयांचे ब्रेक असतात; हँडलखाली हलणारे त्यांचे सांधे नेमके मुलाच्या हाताच्या उंचीला येतात. बोट तिथे सापडू नये म्हणून मुलाला धरायला स्वतःची मूठ असलेली सीट घ्यावी. नुसत्या हँडलला धरून बसलेले मूल गंमत म्हणून हँडल वळवते, ही गोष्ट वेगळीच.

पुढची आधुनिक सीट याहून बरीच सुधारलेली असते. तिला पाठ, खांद्यावरून येणारे पट्टे आणि पावले अडकवायला खोबणी असते. पण ती हँडलच्या मधल्या नळीला विशिष्ट कंसाने बसते, आणि तो कंस प्रत्येक सायकलला चालत नाही. सळयांच्या ब्रेकच्या सायकलवर तो बसवायला जागाच सापडत नाही. शिवाय चालवणाऱ्याचे गुडघे सीटला लागतात म्हणून ते फाकवून पायंडल मारावे लागते. बुटक्या व्यक्तीला हे फार जाचते, आणि तीन वर्षांचे मूल पुढे बसले की त्याचे डोके हनुवटीला येऊन रस्ताही नीट दिसत नाही. गावातल्या गावात, दोन वर्षांच्या मुलासाठी पुढची सीट चांगली; वर्ष-दीड वर्षाच्या वापरासाठी काही हजार घालावेत का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मागच्या सीटचे दोन प्रकार आहेत आणि दुकानदार बहुधा त्यांतला फरक सांगत नाही. पहिली कॅरिअरवर बसते. दुसरी कॅरिअरला टेकतच नाही: सीटखालून निघालेल्या दोन पोलादी सळ्या चालवणाऱ्याच्या सीटखालच्या उभ्या नळीवर आवळलेल्या कंसात शिरतात आणि सगळी सीट चाकावर अधांतरी राहते. या सळ्यांना थोडी लवचीकता असते, त्यामुळे गतिरोधकावरचा धक्का मुलाच्या कण्यापर्यंत कमी पोचतो. या प्रकारासाठी उभी नळी गोल लागते आणि साधारण २८ ते ४० मिलिमीटर जाडीची लागते. चपटी किंवा तिरपी चौकट, मागे स्प्रिंग असलेली सायकल, यांना ती चालत नाही. सीटच्या बाजूवर वजनाच्या मध्याची खूण असते. ती मागच्या चाकाच्या आसापासून दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त मागे जाता कामा नये. गेली तर चढावर पुढचे चाक हलके होते आणि हँडल भरकटते. कंस बारीक नळीवर बसत नसला की मेस्त्री ट्यूबचा तुकडा गुंडाळून तो आवळून देतो. हे करू देऊ नये. रबर दबत जाते आणि महिनाभरात कंस घसरू लागतो.

कॅरिअरवरच्या सीटमध्ये सगळी भिस्त कॅरिअरवर असते, आणि इथे जुनी सायकल नव्यांना हरवते. दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या लावून डेअरीला जाणारी काळी सायकल या भागाने वर्षानुवर्षे पाहिली आहे. तिच्या कॅरिअरचे पाय जाड लोखंडाचे आणि थेट मागच्या आसाच्या नटाखाली घेतलेले असतात. मुलाचे वजन त्याला किरकोळ आहे. गिअरच्या फॅशनेबल सायकलला हौसेने बसवलेले ॲल्युमिनियमचे कॅरिअर मात्र पुष्कळदा सीटच्या दांड्याला एकाच ठिकाणी आवळलेले असते. ते दप्तरासाठी ठीक, मुलासाठी कधीच नाही. चांगल्या कॅरिअरवर किती किलो पेलते तो आकडा उठवलेला असतो. २२ किलोचे मूल आणि पाच किलोची सीट मिळून २७ किलो होतात, तेव्हा २५ लिहिलेल्या कॅरिअरवर मोठे मूल बसवताना हिशेब आधी करावा.

गावोगावच्या दुकानांत मिळणारी गादीची सीट याच प्रकारातली: खाली फोम, मागे लोखंडी पाठ, कधी दोन बाजूंना हात ठेवायची कडी. ती मऊ असते आणि मुलांना आवडते. मात्र तिच्यात बहुधा पट्टाही नसतो आणि पाय ठेवायला जागाही नसते. म्हणजे उघड्या कॅरिअरवर बसण्याचे मुख्य संकट तसेच राहते, फक्त बसायला मऊ लागते. या सीटला नाव ठेवून भागणार नाही, कारण बहुतेकांना परवडणारी तीच आहे. तिच्यात दोन गोष्टींची भर घालावी लागते. चाकाच्या दोन्ही बाजूंना, मडगार्डच्या सळ्यांपासून खालच्या नळीपर्यंत, प्लॅस्टिकची ताठ जाळी तारेने किंवा नायलॉनच्या बंदांनी घट्ट ताणून बांधायची. कोंबड्यांच्या खुराड्याची लोखंडी जाळी नको, तिची कापलेली टोके पाय ओरबाडतात. सैल जाळीही नको, ती चाकात जाते. दुसरी भर म्हणजे पाय ठेवायला आसाजवळ दोन आडवे दांडके. ते कोणताही वेल्डर करून देतो, फक्त मूल सीटवर बसवून त्याच्या पायाच्या उंचीला माप घ्यावे. अंदाजाने केलेल्या दांडक्यापर्यंत पाय पोचत नाहीत आणि ते पुन्हा लोंबू लागतात. लेडीज सायकलला साडी-ओढणीसाठी चाकावर जाळी असते ती मुलालाही उपयोगी पडते, पण ती वरच्या भागापुरतीच असेल तर पुरत नाही.

सायकलवर चढायची पद्धत हा सीट निवडताना सर्वांत विसरला जाणारा भाग. दांडीच्या सायकलवर गडी माणूस डावा पाय पायंडलवर ठेवून दोन उड्या घेतो आणि मागून टांग टाकतो. मागे मुलाची सीट असली की ही टांग मुलाच्या डोक्यावरून जाते, किंवा जात नाही. चाळीस वर्षांची सवय एका दिवसात मोडत नाही, आणि आजोबांनी नातवाला मागे बसवून सवयीने टांग टाकली तर सायकल दोघांना घेऊन आडवी होते. पुढे मूल असेल तर टांग मागूनच टाकता येते, पण उड्या घेत सुरुवात करणे तेव्हाही धोक्याचे. म्हणून मागची सीट घ्यायची असेल तर ती लेडीज सायकलला लावावी, घरच्या पुरुषाने चालवायची असली तरी. पुढून पाय घालून दोन्ही पाय जमिनीवर टेकता येतात, थांबता येते, उतरता येते. यात कमीपणा वाटणारे आहेत. त्यांनी दांडीवरची सीट घ्यावी.

मुलाला बसवायचे सर्वांत शेवटी आणि उतरवायचे सर्वांत आधी. पिशव्या, डबा, छत्री हे आधी लावून मगच मूल. मागचे चाक उचलून धरणारा दुपायी स्टँड असेल तर सायकल बरी उभी राहते; एका अंगाला कलणाऱ्या साइड स्टँडवर मुलाला बसवून क्षणभरही हात सोडू नये. चालत्या सायकलवरून पडण्याची भीती सगळ्यांना वाटते. उभी सायकल मुलासकट कलंडण्याची कोणाला वाटत नाही, आणि सीटमधले मूल जमिनीपासून जवळजवळ मीटरभर उंच असते व पट्ट्याने बांधलेले असल्याने हात टेकवून स्वतःला सावरू शकत नाही.

पट्टा पाच टोकांचा उत्तम: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांच्या मधून. मधला पट्टा नसेल तर पेंगलेले मूल खाली घसरते आणि खांद्याचा पट्टा गळ्याशी येतो. पट्टा आणि छाती यांत दोन बोटे जातील इतकाच ढिला ठेवावा. ओढणीने किंवा उपरण्याने मुलाला चालवणाऱ्याच्या कमरेला बांधायची पद्धत सर्रास दिसते. तिच्यातली माया कळते, पण सायकल पडली की दोघे एकमेकांवर पडतात, आणि सुटलेले टोक चाकात जाते. सीटची पाठ मुलाच्या डोक्यापर्यंत उंच असावी आणि डोक्यामागे खोलगट असावी, म्हणजे हेल्मेट घातल्यावर मान पुढे ढकलली जात नाही.

एक बारीक गोष्ट काळ्या सायकलीपुरती. तिच्या चामडी किंवा रेक्झिनच्या सीटखाली जाड गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. मागे बसलेले मूल हमखास तिथे बोटे घालते. चालवणारा खड्ड्यात आदळला की स्प्रिंग मिटते आणि बोट चेंगरते. जाड कापडाने किंवा ट्यूबने या स्प्रिंगा झाकून घ्याव्यात. उन्हाळ्यात काळ्या प्लॅस्टिकची सीट आणि पट्ट्याचे धातूचे कडे उन्हात पोळतात; सायकल सावलीला लावता आली नाही तर सीटवर पंचा टाकून ठेवावा. चालवणाऱ्याने पाठीवर सॅक घेतली तर ती मुलाच्या तोंडावर येते.

हेल्मेट सायकलचेच हवे. मोटारसायकलचे हेल्मेट, लहान मापाचे असले तरी, दोन वर्षांच्या मानेला जड होते. सायकलचे मुलांचे हेल्मेट साधारण दोन-तीनशे ग्रॅमचे असते. मोटारसायकलवरच्या लहान मुलांसाठी केलेल्या २०२२ च्या नियमानेही सायकलचे हेल्मेट चालेल असे म्हटले आहे. कपाळावर भुवईच्या दोन बोटे वर कड यावी आणि मान हलवली तरी ते सरकू नये. ‘पुढे मोठे झाल्यावर होईल’ म्हणून एक माप मोठे घेण्याची आपली सवय कपड्यांना चालते, हेल्मेटला चालत नाही.

सीट बसवल्यावर पहिली फेरी मुलाशिवाय मारावी. दहा-पंधरा किलो तांदळाची गोणी सीटमध्ये पट्ट्यांनी बांधून गावाला एक चक्कर टाकली की बरेच कळते: हँडल किती डुगडुगते, टाच पायंडल मारताना सीटच्या पायरीला लागते का, ब्रेक लावल्यावर सायकल किती पुढे जाऊन थांबते. सळयांच्या ब्रेकच्या सायकलला लोखंडी रिम असते आणि ती पावसात ओली झाली की ब्रेक निम्मेशिम्मे उरतात. मुलासाठी ती सायकल पावसाळ्यात बाजूलाच ठेवलेली बरी. आठवडाभराने सगळे नट पुन्हा पान्याने आवळावेत, कारण नवा जोड पहिल्या काही दिवसांतच सैल होतो.

रस्ता कोणता, यावरही सीट ठरते. पुणे–नाशिक महामार्गाला बाह्यवळणे झाल्यापासून मंचर आणि नारायणगावच्या जुन्या रस्त्यांवरची लांब पल्ल्याची वाहने कमी झाली, पण महामार्ग ओलांडायची ठिकाणे मुलाला घेऊन सायकलवर बसून ओलांडू नयेत. उतरून सायकल हातात धरून चालत जावे. विघ्नहर आणि भीमाशंकर या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अरुंद रस्ते व्यापतात. ट्रॉलीबाहेर आलेले उसाचे शेंडे मागच्या सीटवरच्या मुलाच्या तोंडाच्या उंचीला येतात, आणि रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांडीवरून पुढचे चाक घसरते. हंगामात मूल पुढे असलेले बरे. उलट कालव्याच्या भरावावरचा कच्चा रस्ता वाहनांपासून मोकळा असतो, पण तोल गेला तर एका बाजूला पाणी आहे, आणि पट्ट्याने बांधलेले मूल सायकलसह पाण्यात जाईल. तिथून मुलाला घेऊन जाऊच नये. माळशेज, नाणेघाट, आहुपे या बाजूंचे चढ-उतार मुलाला सीटवर घेऊन करायचे नाहीत हे वेगळे सांगायला नको.

बिबट्याचा विचार या दोन तालुक्यांत टाळता येत नाही. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते उगाच नाही; उसाच्या फडांत बिबटे राहतात आणि लहान चणीच्या जिवावर झडप घालण्याचा धोका पहाटे, संध्याकाळी आणि रात्री अधिक असतो. सायकल हळू आणि बिनआवाजी असते, आणि मागच्या सीटवरचे मूल चालवणाऱ्याला दिसत नाही. अंधार पडायच्या आत घर गाठावे, दोन्ही बाजूंना उभा ऊस असलेली वाट सोडून थोडा लांबचा पण वर्दळीचा रस्ता घ्यावा, घंटी वाजवत, मुलाशी मोठ्याने बोलत जावे. अवेळी जाणे भागच असेल तर सायकल नको, सोबत माणूस आणि बॅटरी घ्यावी.

मुलाने २२ किलो ओलांडले, किंवा त्याचे डोके पाठीच्या वर आले, की सीट संपली. खरे तर इथेच बहुतेक घरांत चूक होते: सीट काढली जाते आणि सहा-सात वर्षांचे मूल उघड्या कॅरिअरवर पाय लोंबवत बसू लागते. कॅरिअरवर बसवायचेच असेल तर जाळी आणि पायाचे दांडके तसेच राहू द्यावेत. उतरवलेली सीट भावंडाला किंवा शेजारी द्यायला हरकत नाही, मात्र घेणाऱ्याने ती उन्हात धरून तपासावी. प्लॅस्टिक पांढुरके पडले असेल, दाबल्यावर करकरत असेल किंवा बोल्टाच्या भोकाजवळ केसाएवढी चीर असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नये. पट्टे विरलेले असतील तर तेवढेच नवे मिळतात. नळीवर आवळायचा कंस मूळ सायकलवरच राहून जाण्याचा संभव असतो. तो त्याच कंपनीचा आणि त्याच मापाचा मिळाल्याशिवाय दुसऱ्या सायकलला सीट लावता येत नाही.